नावातली आडवी रेघ

विज्ञानाच्या पुस्तकांत 'गायगर-म्युलर गणित्र' भेटते, 'मायकेलसन-मोर्ले प्रयोग' भेटतो आणि 'गे-ल्युसॅकचा नियम'ही भेटतो. तिन्ही ठिकाणी मध्ये तीच आडवी रेघ आहे. मराठी व्याकरणात आपण तिला संयोगचिन्ह म्हणतो. पहिल्या दोन उदाहरणांत ती दोन माणसांना जोडते. त्यामुळे 'गे आणि ल्युसॅक या दोन शास्त्रज्ञांनी वायूंचा नियम शोधला' असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याचा तर्क चुकला असे म्हणता येत नाही. त्याला माहिती मात्र अपुरी मिळाली. १८०८ साली वायूंच्या आकारमानाचा नियम मांडणारे गे-ल्युसॅक एकटेच होते. घराण्याचे आडनाव गे, आणि ल्युसॅक हे त्यांच्या कुटुंबाच्या जमिनीच्या ठिकाणाचे नाव. दोन्ही मिळून एक आडनाव झाले.

या रेघेचे आणखी एक काम आहे आणि तेच या लेखाचा विषय आहे. ही रेघ कधी कधी माणसाच्या पहिल्या नावातच असते. झाँ-बातिस्त लामार्क, आंद्रे-मारी अँपिअर, पिएर-सिमाँ लाप्लास ही आपल्याला परिचित नावे. ती वाचताना आपण नकळत आपल्याकडची रीत लावतो. जयंत विष्णु नारळीकर या नावात मधला शब्द वडिलांचा, हे आपल्याला सांगावे लागत नाही. त्याच न्यायाने 'जे. बी. लामार्क' वाचले तर 'बी' म्हणजे लामार्कचे वडील ठरतील! प्रत्यक्षात त्यांच्या वडिलांचे नाव फिलिप होते. 'बातिस्त' हा स्वतः लामार्कच्याच पहिल्या नावाचा अर्धा भाग आहे.

दोन शब्द, एक नाव

लामार्कचे (जन्म १७४४) पूर्ण नाव पाहू : झाँ-बातिस्त पिएर आंत्वान द मोने, शव्हालिए द लामार्क. यात पिएर आणि आंत्वान ही सुटी नावे आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला अशी दोन-तीन नावे देण्याची पद्धत होती. पण झाँ आणि बातिस्त ही दोन सुटी नावे नव्हेत. झाँ म्हणजे योहान आणि झाँ-बातिस्त म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान. येशूच्या शिष्यांमध्येही एक योहान होता. तेव्हा कोणता योहान अभिप्रेत आहे हे सांगण्यासाठी दुसरा शब्द लागला. आपण पहिले बाजीराव आणि दुसरे बाजीराव म्हणतो, तसाच हा प्रकार.

अशा नावांची गरज का पडली, याचे उत्तर सोपे आहे. ख्रिस्ती युरोपात मुलाला संताचे नाव द्यावे असा प्रघात होता आणि लोकप्रिय संत थोडे होते. धर्मपिता किंवा आजोबा यांचे नाव मुलाला देण्याची चालही होती. मग एकाच गावात अनेक झाँ आणि अनेक पिएर होत. आपल्या खेड्यात मोठा गणू आणि धाकटा गणू असतात. तिकडे झाँ-बातिस्त, झाँ-मारी, झाँ-झाक असे वेगळेपण साधले गेले. 'मारी' हे खरे तर येशूच्या मातेचे, म्हणजे स्त्रीचे नाव. पण पवित्र म्हणून ते मुलग्यांच्या नावालाही जोडत. आंद्रे-मारी अँपिअर (जन्म १७७५) हे त्याचेच उदाहरण. त्यांच्या वडिलांचे नाव झाँ-झाक. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली वडिलांचा शिरच्छेद झाला, तेव्हा आंद्रे-मारी अठरा वर्षांचे होते. पुढे १८०० साली त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव झाँ-झाक. आजोबांचे नाव नातवाला देण्याची ही रीत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

नाव देवळावरूनही मिळे. गणितज्ञ दालांबेर १७१७ साली पॅरिसमधल्या सेंट झाँ-ल-राँ या चर्चच्या पायऱ्यांवर टाकून दिलेले मूल म्हणून सापडले. त्यांचे पहिले नाव तेच ठेवले गेले : झाँ ल राँ. आईबाप ठाऊक नसलेल्या मुलाची नोंद त्या जागेच्याच नावाने झाली.

नोंदवही कोणाची?

नाव कोण ठेवतो याइतकाच, ते कोण लिहून घेतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये १५३९ सालच्या राजाज्ञेने धर्मगुरूंना बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवायला सांगितले. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे जन्माची नोंद चर्चकडे राहिली. २० सप्टेंबर १७९२ रोजी क्रांतिकारी सरकारने ती काढून नगरपालिकेकडे दिली. पुढे २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने असे ठरले की जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरे नाव वा आडनाव कोणत्याही नागरिकाने धारण करू नये. म्हणजे कारकुनाच्या लेखणीतून जे उतरेल, ते जन्मभराचे झाले.

मग १ एप्रिल १८०३ चा कायदा आला. त्यात म्हटले होते की निरनिराळ्या पंचांगांत रूढ असलेली नावे आणि प्राचीन इतिहासातील प्रसिद्ध व्यक्तींची नावे, एवढीच नोंदवहीत घ्यावीत. त्यापलीकडचे नाव नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला मिळाला. हा कायदा केवळ कागदावर राहिला नाही. ब्रिटनी प्रांतात ब्रेटन भाषा बोलणाऱ्यांची स्वतःची नावे आहेत. ती पंचांगात नाहीत म्हणून विसाव्या शतकातही नोंदवून घ्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिल्याची प्रकरणे घडली.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, एखाद्या गावात चालणारी नावे वीसच आहेत. एकेरी नावे ठेवायची तर पर्याय वीस. पण दोन नावे जोडण्याची मुभा असेल आणि क्रमालाही अर्थ असेल, तर २० × १९ म्हणजे ३८० जोडनावे होतात. एकेरी धरून एकूण ४००. सगळ्याच जोड्या कानाला बऱ्या वाटत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वापरात थोड्याच येतात. तरीही नियमाला धक्का न लावता निवड वाढवण्याची वाट या रेघेने मोकळी ठेवली, असे आम्हाला वाटते. १९६६ साली सरकारने नियम सैल केले, तेव्हा जोडनावांचाही उल्लेख झाला. झाँ-पिएर किंवा मारी-फ्रान्स चालेल, पण तीन शब्दांची माळ नको, असे त्या सूचनेचे सांगणे होते. ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने १८०३ चे बंधन उठले आणि नाव निवडण्याचा हक्क आईवडिलांकडे आला. १८ नोव्हेंबर २०१६ च्या कायद्यानंतर पहिले नाव बदलण्यासाठी न्यायालयात जाण्याचीही गरज उरली नाही; नगरपालिकेत अर्ज करता येतो.

विसाव्या शतकात या नावांना किती बहर आला होता हे विज्ञानातील पुरस्कारांवरूनही दिसते. गणिताचे फील्ड्स पदक १९५४ साली झाँ-पिएर सेर यांना मिळाले. १९९४ साली ते मिळवणाऱ्यांत पिएर-लुई लिऑन्स आणि झाँ-क्रिस्तोफ योकोझ असे दोन जोडनावांचे गणितज्ञ होते. रसायनशास्त्राचे नोबेल १९८७ साली झाँ-मारी लेन यांना आणि २०१६ साली झाँ-पिएर सोव्हाज यांना विभागून मिळाले. भौतिकशास्त्राचे १९९१ साली पिएर-जिल द जेन यांना मिळाले.

रेघ गळते तेव्हा

फ्रान्सच्या जन्मनोंदीत आज सुट्या नावांमध्ये स्वल्पविराम आणि जोडनावात संयोगचिन्ह येते. आद्याक्षरे लिहितानाही फ्रेंच लोक रेघ सोडत नाहीत. पण ही काळजी त्या देशाच्या सीमेपर्यंतच टिकते. एका संदर्भसूचीत 'जे.-पी.', दुसरीत 'जे. पी.', तिसरीत नुसते 'जे.' असे लिहिले गेले की एकाच माणसाचे लेखन तीन ठिकाणी विखुरते. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांत रोमन लिपीतील २६ अक्षरे, दहा अंक आणि मोकळी जागा भरण्यासाठी कोनासारखे एकच चिन्ह एवढेच चालते. संयोगचिन्हाच्या जागी हे भरणचिन्ह येते आणि दोन सुट्या नावांच्या मधल्या जागीही तेच येते. झाँ-पिएर हे एक नाव आणि झाँ, पिएर ही दोन नावे यांतला फरक तिथे पुसला जातो. वर छापलेल्या नावात रेघ असते, पण यंत्र वाचते ती खालची ओळ.

हा प्रश्न फ्रेंचांपुरता नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या, समतेचा नियम मोडतो हे दाखवणाऱ्या प्रयोगाच्या शास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू या चिनी होत्या. त्यांच्या नावात दोन चिनी अक्षरे असून दोन्ही मिळून एक नाव होते. जुन्या रोमन लेखनपद्धतीत ती रेघेने जोडत. शोधनिबंधावर मात्र 'सी. एस. वू' आले आणि एकाची दोन झाली.

आपल्या घरचे उदाहरण आणखी जवळचे आहे. जगदीशचंद्र बोस यांचे 'जे. सी. बोस' झाले आणि सत्येंद्रनाथ बोस यांचे 'एस. एन. बोस'. मराठी विद्यार्थी 'सी' आणि 'एन' ही वडिलांची आद्याक्षरे समजतो. जगदीशचंद्रांच्या वडिलांचे नाव भगवानचंद्र आणि सत्येंद्रनाथांच्या वडिलांचे सुरेंद्रनाथ. चंद्र आणि नाथ हे त्यांच्या स्वतःच्याच नावाचे भाग. देवनागरीत आपण ही नावे सलग लिहितो, म्हणून आपल्याला रेघेची गरज भासत नाही. रोमन लिपीत ती तुटली आणि जोडणारे काहीच उरले नाही.

आपली नोंदवही

शाळेतल्या शिक्षकाला हा विषय दूरचा वाटू नये. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरात उतरलेले नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते आणि पुढे अनेक कागदपत्रे त्याच दाखल्याच्या आधारे होतात. १७९४ च्या फ्रेंच कारकुनाचे काम आपणही थोड्याफार प्रमाणात करत असतो. शिवाय महाराष्ट्रात नावाची रचनाच बदलते आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे ठरले आहे. समजा, एखाद्या मुलीचे नाव 'अन्ना मारिया' असे दोन शब्दांचे आहे. आता ओळीत पाच शब्द होतील. 'मारिया' हे आईचे नाव की मुलीच्याच नावाचा भाग, हे नुसत्या ओळीवरून कोणाला कळणार? ते तिच्या घरीच विचारावे लागेल आणि मग सलग, रेघेसह की सुटे, जसे ठरेल तसे सगळीकडे एकसारखे लिहावे लागेल.

वर्गात एक छोटा उपक्रम करता येईल. पाठ्यपुस्तकांतील दहा-बारा शास्त्रज्ञांची आद्याक्षरे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक अक्षर कशाचे आहे ते मुलांनी ग्रंथालयात शोधावे : स्वतःच्या नावाचे, वडिलांच्या, गावाच्या की घराण्याच्या? सी. व्ही. रामन यांच्या नावातली दोन अक्षरे कशाची, येथून सुरुवात करावी. त्यानंतर प्रत्येकाने घरी विचारून स्वतःचे नाव नोंदवहीत आहे तसेच उतरवून आणावे. काही मुलांच्या घरचे नाव आणि वहीतले नाव यांत एखाद्या अक्षराचा वा जागेचा फरक निघेल. तो दुरुस्त करून घ्यायला शाळेतली वर्षेच सर्वांत सोयीची असतात.