वाटणीचं टेबल

मागच्या शनिवारी गोरेगावहून काकांचा फोन. "तू कम्प्युटरवाला ना? मग एवढी बेरीज करून दे." (गोरेगाव म्हणजे मुंबईचं नव्हे हो, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. ऑफिसात हे दर वेळी सांगावं लागतं.)

काम म्हणजे आजोबांच्या वावराच्या वाटणीचा मसुदा. वर्डची फाईल, प्रत्येक गटाचं एक टेबल: गट नंबर, क्षेत्र, वारस, हिस्सा. शेतकऱ्याची जमीन मातीत असली तरी हक्क रकान्यांतच असतो. निजामाच्या काळात आमच्याकडचे महसुली कागद उर्दूत होते. आता सातबारा, म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एकत्र.

फाईल उघडली तर सगळी गिचमिड! जुना डीटीपी फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांनाच धरून होते. त्या फॉन्टांत 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठवतात. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. नुसत्या फाइंड-रिप्लेसने हे भागत नाही. म्हणून मॅक्रो.

वर्डमधला मॅक्रो आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा. विंडोजसाठी पहिलं वर्ड १९८९ मध्ये आलं, त्यातच वर्डबेसिक होती. वर्ड ९७ मध्ये तिची जागा व्हीबीएने घेतली. बदनामी मात्र त्याआधीच सुरू झालेली: १९९५ चा कॉन्सेप्ट व्हायरस, मग मार्च १९९९ ची मेलिसा. (त्यानंतर दीडेक महिन्याने, १ मे १९९९ ला, परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. संबंध काही नाही, उगाच आठवलं.) २०२२ पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं. नव्या पोरांना मॅक्रो म्हणजे ती लाल पट्टी, एवढंच ठाऊक.

असो. टेबलातल्या प्रत्येक कोठ्याच्या शेवटी १३ आणि ७ नंबरची दोन अदृश्य अक्षरं असतात, ती कापली. व्हीबीएला '०.४०' कळत नाही, ते शून्य समजतं. आकडे इंग्रजी केले. मधेमधे एरर येत होती म्हणून वर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' टाकलं आणि चहा प्यायला गेलो.

बेरीज आली २ हेक्टर ६० आर. सातबाऱ्यांवर ३ हेक्टर २०. म्हणजे दीड एकर गायब!

दोन तास गेले. एका टेबलात गट नंबरचे कोठे उभे जोडलेले होते. असे कोठे असले की वर्ड त्या टेबलाची एकेक ओळ हाती देत नाही, एरर देतं. ती एरर मीच गिळायला लावली होती. अख्खं टेबल वगळलं गेलं, चूं की चां न करता. आणि आत्याचं नाव त्या एकाच टेबलात होतं.

आत्याचं लग्न १९९४ च्या आधीचं. महाराष्ट्राने त्या वर्षी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत नाही. तिचं नाव तिथवर यायला इतकी वर्षं लागली, आणि मी ते एका ओळीत उडवलं होतं.

ओळी सोडून एकेक कोठा मोजला, बेरीज जुळली. रात्री काकांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "प्रिंट मोठ्या अक्षरात काढ. तिला चष्मा लागत नाही म्हणते, पण लागतो."