काळारामाच्या दारातल्या पंचवीस जणी

थ्रिलरमधली संकटात सापडलेली बाई आता बदललीय, असं आमच्या अभ्यासवर्गातल्या मुली सांगतात. ती सुटकेची वाट पाहत बसत नाही, आपल्या असहायपणाचंच हत्यार करते. अशा वेळी 'कहानी' (2012) या सिनेमाचा विषय निघतोच. विद्या बागची गरोदरपणाचं सोंग घेते, पोलीस तिला जपतात आणि त्या सहानुभूतीच्या आडून ती आपला सूड पुरा करते. युक्ती बिनतोड आहे. आम्हालाही आवडली. पण ती चालते कोणाची?

आपल्या नाशिकचा इतिहास बघा. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिर सत्याग्रहाची मिरवणूक निघाली, तिच्यात सुमारे 500 स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चार दरवाजांवर पहिली तुकडी बसली. 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. दरवाजे बंद, समोर पोलीस, हात रिकामे. एप्रिलमध्ये रामनवमीला रथ ओढण्यावरून मारामारी झाली, दगड पडले. पुढे गावोगाव आपल्या माणसांचे रस्ते अडवले गेले, दुकानदार माल देईनात. घरात मीठ-पीठ आणायचं कोणी, पाणी भरायचं कोणी? हा मार सर्वांत आधी बाईच्याच अंगावर आला.

या बायकांनी सोंग घेतलं नव्हतं. घेतलं असतं तरी उपयोग शून्य, कारण समोरच्याला त्यांच्यात अबला दिसतच नव्हती, विटाळ दिसत होता. नाजूकपणाची कदर होण्यासाठीसुद्धा जात लागते. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातल्या आई-मुलीला कोणी जपलं? म्हणूनच त्या पंचवीस जणींचा प्रतिकार आम्हाला विद्या बागचीपेक्षा अवघड वाटतो. तिच्याकडे लपवलेला बेत होता. यांच्याकडे लपवायला काहीच नव्हतं. आपल्याला इजा होऊ शकते हे ठाऊक असताना त्या भर रस्त्यात बसल्या आणि बंद दरवाजा सगळ्या देशाला दाखवला.

गंमत अशी की आपल्याही दर 2 मार्चच्या भाषणांत आकडा येतो, नावं येत नाहीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) लिहून चळवळीतल्या बायकांना पुस्तकात आणलं. त्यानंतर आपण किती नावं जोडली? आमच्या वर्गाने या उन्हाळ्यात नाशिकच्या वस्त्यांत घरोघर जायचं ठरवलंय. पहिला प्रश्न एवढाच : तुमच्या पणजीचं नाव काय?