पर्सी घराणे : रक्त, नाव आणि सनद

इंग्लंडच्या उमराव घराण्यांच्या वंशावळी वाचताना विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. वर मूळ पुरुष, खाली आजचा वारस आणि मध्ये बापाकडून लेकाकडे अखंड उतरलेली रेघ, असे ते गृहीत धरतात. नॉर्थम्बरलँडचे पर्सी घराणे हा समज चांगलाच मोडून काढते.

विल्यम द पर्सी हा सरदार १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात आला. त्याची पुरुषशाखा बाराव्या शतकातच संपली. वारस ठरलेल्या ॲग्नेसचा विवाह राणी ॲडेलायझाचा सावत्र भाऊ जोसेलिन याच्याशी झाला आणि तिच्या वंशजांनी आईकडचे नाव लावले. म्हणजे इतिहासात गाजलेले सारे पर्सी मुळात लेकीच्या वंशातले. १३०९ मध्ये त्यांनी ॲनिकचा किल्ला विकत घेतला आणि १३७७ मध्ये अर्ल हा किताब मिळवला.

पुढची दोन शतके बंडांची आहेत. राजद्रोह सिद्ध झाला की किताब आणि जमिनी जप्त होत, नंतर एखादा राजा त्या परत देई. १५५७ मध्ये मेरी राणीने थॉमस पर्सीला नवी सनद दिली. तिच्यात, त्याला पुत्र नसल्यास भावाने वारस व्हावे, अशी तरतूद होती. उत्तरेकडील बंडाबद्दल १५७२ मध्ये थॉमसचा शिरच्छेद झाला, तरी अर्लपद भावाकडे गेले ते या तरतुदीमुळे. सनदेतील एका वाक्याचे वजन किती असते, ते इथे दिसते.

१६७० मध्ये अकरावा अर्ल जोसेलिन तुरिन येथे वारला. मागे उरली तीन वर्षांची मुलगी एलिझाबेथ. इथे किताब आणि मालमत्ता यांच्या वाटा वेगळ्या होतात. अर्लपद फक्त पुरुष वारसांसाठी होते, म्हणून ते संपले. अफाट जमिनी मात्र मुलीला मिळाल्या. (दत्तक घेण्याची आपल्याकडची सोय इंग्रजी कायद्यात १९२६ पर्यंत नव्हतीच, आणि आजही दत्तकाला असा किताब मिळत नाही.) डब्लिनचा पेट्या बनवणारा जेम्स पर्सी अर्लपदावर हक्क सांगत जवळजवळ वीस वर्षे भांडला. १६८९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने त्याचा दावा फेटाळलाच, शिवाय तोतयेगिरीचा कागद अंगावर लावून त्याला वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांपुढे फिरवण्याचा हुकूम दिला. एलिझाबेथची अवस्था तरी काय होती? पंधरा वर्षांच्या वयातच तिची तीन लग्ने झालेली होती. पहिला नवरा वारला, दुसऱ्याचा लंडनमध्ये खून झाला, तिसरा सॉमरसेटचा ड्यूक. वंशावळीत हे सारे एका आडव्या रेघेत मावते.

तिचा मुलगा अल्जर्नन याचा एकुलता मुलगा १७४४ मध्ये वारला. म्हणून १७४९ मध्ये त्याच्यासाठी नॉर्थम्बरलँडचे अर्लपद नव्याने निर्माण केले गेले आणि सनदेत जावयाचे, सर ह्यू स्मिथसन याचे, नाव वारस म्हणून घातले गेले. पुढच्याच वर्षी अल्जर्नन वारला. यॉर्कशरचा हा स्मिथसन अर्ल झाला आणि संसदेच्या कायद्याने त्याने पर्सी हे आडनाव घेतले. १७६६ मध्ये तो ड्यूक झाला. आजचे ड्यूक त्याचेच वंशज.

याच ह्यूला एलिझाबेथ मेसी या विधवेपासून विवाहबाह्य मुलगा झाला होता : जेम्स. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने असा मुलगा कोणाचाच वारस नव्हे. बापाने टाकून दिलेले स्मिथसन हे आडनाव जेम्सने आईच्या मृत्यूनंतर लावले. तो नामांकित रसायनशास्त्रज्ञ झाला. मृत्युपत्रात त्याने संपत्ती भाच्याला आणि पुढे भाच्याच्या मुलांना दिली. ती मुले औरस असोत वा अनौरस, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मुले नसतील, तर सारा पैसा अमेरिकेला, ज्ञानाच्या वृद्धीसाठी आणि प्रसारासाठी. भाचा १८३५ मध्ये निपुत्रिक वारला. जेम्सने कधीही न पाहिलेल्या वॉशिंग्टन शहरात १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली.