लाल टोपी आणि कानटोपी

मराठीत टोपी घालण्याचे दोन प्रकार आहेत. स्वतःला घातली तर माणूस सभ्य दिसतो, दुसऱ्याला घातली तर चारसोबीस ठरतो. क्रियापद तेच, टोपीही तीच. फक्त डोके बदलते. आता एकच माणूस एकाच वेळी दोन्ही प्रकार करू शकतो का? माझे उत्तर आहे, आरामात करू शकतो. याचे दोन दाखले माझ्याजवळ आहेत. एक न्यूयॉर्कच्या लाल टोपीचा, दुसरा माझ्या स्वतःच्या कानटोपीचा. लाल टोपीला इतिहास आहे, तेव्हा पहिला मान तिचा. कानटोपीचे शेवटी सांगतो. तोवर धीर गोळा झाला तर.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच उंच इमारती आणि तिथून नुकतेच जाऊन आलेले व्याही उभे राहतात. पण १९७५ साली हे शहर दिवाळे वाजण्याच्या बेतात होते. शहराचे कर्जरोखे घ्यायला कोणी तयार होईना. आम्ही बँकवाले अशा वेळी ‘खाते जरा अनियमित झाले आहे’ असे सौम्यपणे म्हणतो आणि मग सौम्यपणेच जप्तीची नोटीस पाठवतो. शहराने खर्च कापायला घेतला आणि त्यात हजारो पोलिसांना घरी बसवले. १३ जुलै १९७७ च्या रात्री जवळजवळ सगळ्या शहराची वीज गेली आणि त्या अंधारात दुकानांच्या रांगाच्या रांगा लुटल्या गेल्या. भुयारी रेल्वेचे डबे आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी बरबटलेले. रात्री त्या डब्यात बसायचे म्हणजे एक हात दांडीला आणि दुसरा पाकिटावर. ब्राँक्स भागातून सुटणाऱ्या ४ नंबरच्या गाडीला तर लोकांनी ‘लुटारूंची एक्स्प्रेस’ असे नावच देऊन टाकले होते.

या ब्राँक्समध्ये मॅकडॉनल्ड्सच्या एका हॉटेलात कर्टिस स्लिवा नावाचा २४ वर्षांचा तरुण रात्रपाळीचा मॅनेजर होता. रात्रपाळीच्या माणसाला जगाची जी बाजू दिसते ती दिवसपाळीवाल्यांना दिसत नाही. त्याने आधी वस्तीतली पोरे जमवून रस्त्यांवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. मग त्याच्या मनात आले, कचरा उचलतोच आहोत, तर थोडी भीतीही उचलून पाहावी. १३ फेब्रुवारी १९७९ रोजी १३ जणांची टोळी भुयारी रेल्वेत गस्त घालायला निघाली. १३ तारीख आणि १३ माणसे! आमच्याकडे असा मुहूर्त कोणी काढला असता तर घरच्यांनीच दाराला कडी लावली असती. या मंडळींनी मात्र स्वतःला ‘मॅग्निफिसंट थर्टीन’ म्हणवून घेतले. त्याच वर्षी नाव बदलून ‘गार्डियन एंजल्स’ झाले. गार्डियन एंजल्स म्हणजे पाठीराखे देवदूत.

देवदूतांचा गणवेश म्हणजे पांढरा टी-शर्ट, त्यावर पंखांचे चिन्ह आणि डोक्यावर लाल बेरेट. बेरेट म्हणजे ती मऊ, चपटी, एका कानावर कललेली टोपी. आपल्याकडे एनसीसीच्या पोरांच्या डोक्यावर असते, तिचीच ही थोरली बहीण. पगार शून्य. हत्यार बाळगायचे नाही, आणि ‘नाही’ म्हणजे नाही. गस्तीला निघण्यापूर्वी हे लोक एकमेकांचे खिसे चाचपून पाहत. बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडतात, त्यातलाच हा प्रकार. तुमच्यावर विश्वास नाही असे नव्हे, पण जरा हात वर करा.

या टोपीची खरी करामत पुढेच आहे. सुरुवातीच्या देवदूतांत बहुतेक सगळी काळी आणि पोर्टो रिकोकडची गरीब पोरे होती. म्हणजे ज्यांना पाहून डब्यातल्या आजीबाईने एरवी पर्स छातीशी धरली असती, तीच ही पोरे. अंग तेच, चेहरा तोच, वस्तीही तीच. डोक्यावर लाल टोपी चढली आणि आजीबाई सरकून त्याला जागा देऊ लागली. पोराचेही तसेच. बिनटोपीचा होता तेव्हा त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. आता सगळा डबा आपल्याकडे आशेने पाहतो आहे म्हटल्यावर त्याला ताठ उभे राहणे भाग होते. वेषाने चोर घाबरतो की नाही ते चोरालाच विचारायला हवे, पण वेष घालणारा आधी सुधारतो एवढे नक्की. काउंटरच्या आत बसल्यावर आमच्याही चेहऱ्यावर जी गंभीर कळा येते, ती काउंटरचीच असते. घरी ती कोणी चालवून घेत नाही.

महापौर एड कॉच यांना ही मंडळी पहिल्यापासून खटकली. पोलिसांनाही खटकली. उद्या कोणीही उठेल, रंगीत टोपी घालील आणि कायदा हातात घेईल. याला शिकवले कोणी, आणि चुकला तर जाब कोणाला विचारायचा? प्रश्न चुकीचा नव्हता. पण प्रवाशांना टोपी आवडली होती, आणि प्रवाशांनाही मत असते हे कोणत्याही महापौराला कळते. हळूहळू सरकारी सूर मऊ झाला. गावोगाव शाखा निघाल्या. १९८९ मध्ये तर लंडनच्या भुयारी रेल्वेतही लाल टोप्या दिसू लागल्या.

हे सारे फुकटात झाले नाही. १९८१ च्या डिसेंबरात न्यूअर्कमध्ये गस्तीवर असलेला एक तरुण देवदूत गोळी लागून मेला, आणि गोळी झाडली होती पोलिसाने. टोपी पाहून आजीबाईला धीर येतो, पण बंदुकीला टोपी ओळखता येत नाही. विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही हे मला कळते. तरीही ते इथे राहू द्यावे.

वर्तमानपत्रांना मात्र हा विषय फार मानवला. रोज नवे काय, असे विचारणारा बातमीदार आणि रोज नुसते गाडीत बसून परतणारे देवदूत, यांचे जमायचे कसे? ‘काल रात्री काहीच घडले नाही’ ही गस्तीच्या दृष्टीने सर्वांत मोठी यशोगाथा, पण तिचा मथळा होत नाही. मग गोष्टी येऊ लागल्या. स्लिवासाहेबांनी अमक्याला वाचवले, तमक्याला पकडले. १९८० साली तर त्यांनी सांगितले की रेल्वे पोलिसांपैकी काही जणांनी आपल्याला पळवून नेले आणि धमकावले.

पुढे काय झाले ते तारखांच्या क्रमाने सांगतो, कारण हा क्रमच मोठा विनोदी आहे. फक्त हसू येत नाही. १९९२ च्या जूनमध्ये स्लिवासाहेब न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत बसले आणि टॅक्सीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चालत्या टॅक्सीच्या खिडकीतून उडी घेतली म्हणून जीव वाचला. गोळ्या खऱ्या, जखमा खऱ्या, इस्पितळही खरे. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी कबूल केले की सुरुवातीच्या काळातले आपले काही पराक्रम बनावट होते. पोलिसांनी पळवून नेल्याची ती गोष्टही बनावट. सारे प्रसिद्धीसाठी केले होते. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला मुलगा आपल्याला माहीत आहे. पण त्याला लांडगा खरोखर चावला, आणि मग बरे वाटल्यावर त्याने आधीच्या लांडग्यांची कबुली दिली, असा शेवट कोणत्या बालभारतीत नव्हता.

आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर खात्यातली पहिली जमाच खोटी निघाली. आता ऑडिटर म्हणेल, खाते बंद करा. पण नंतरच्या नोंदींचे काय करायचे? शेकडो रात्री ती पोरे खरोखरच गाडीत बसली होती. आजीबाई खरोखरच घरी पोहोचली होती. १९९० नंतर न्यूयॉर्कमधले गुन्हे झपाट्याने घटले आणि त्याचे श्रेय घ्यायला इतकी मंडळी पुढे आली की त्या गर्दीत लाल टोपीला उभे राहायलाही जागा मिळाली नसेल. पण भीतीच्या काळात सोबत मिळाली, हे श्रेय तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. खोटी नोंद असेल तर तीही कोणाच्या तरी नावे पडलेली असते. ‘मला पोलिसांनी पळवले’ यात पळवणे खोटे होते, पण पोलिस खरे होते. त्यांनी १२ वर्षे हा न केलेला अपहार अंगावर वागवला. (अपहार म्हणजे पैशाचा हेच आमच्या डोक्यात, माणसाचे असते ते अपहरण. सवय वाईट.)

हे असे का झाले? माझ्या मते, खाते एकाच नावावर होते म्हणून. पाठीराखे शेकडो, पण चेहरा एकाचा. टोपी मोठी करायची तर त्या चेहऱ्यालाच मोठे व्हावे लागे. स्लिवासाहेब २०२१ आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठीही उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले.

याच्या उलट संयुक्त खाते कसे चालते ते पाहायचे तर मेक्सिको शहरात जायला हवे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने तिथे हजारो माणसे मेली आणि कितीतरी घरे जमीनदोस्त झाली. जी उरली त्यांतल्या भाडेकरूंना बाहेर काढायला घरमालक टपलेले. पागडीच्या घरात राहिलेल्या कोणालाही यातले फारसे समजावून सांगायला नको. भाडेकरूंनी संघटना केली, आणि १९८७ साली त्यांच्यात अचानक एक पहिलवान अवतरला. लाल घट्ट पोशाख, पिवळा झगा, तोंडावर मुखवटा आणि छातीवर अक्षरे ‘एस बी’. नाव सुपरबारिओ. बारिओ म्हणजे वस्ती, मोहल्ला. आपल्याकडे असता तर त्याला ‘वस्तीवीर’ म्हटले असते.

मेक्सिकोत मुखवट्याच्या कुस्तीचे भयंकर वेड. एल सांतो नावाच्या रुपेरी मुखवट्याच्या मल्लाला १९८४ साली दफन केले तेही मुखवट्यासकट. तेव्हा भाडेकरूला बाहेर काढायला आलेल्या मंडळींपुढे असा मुखवटेवाला उभा राहिला की बघ्यांची जत्रा जमे आणि पाठोपाठ छायाचित्रकार येत. सुपरबारिओचे खरे काम धोबीपछाडाचे नव्हते. तो मोर्चात चालला, आणि साहेबांच्या कचेरीत मुखवट्यासह वाटाघाटींना बसला. समोर मुखवटा बसला असताना ‘उद्या या’ कसे म्हणायचे, हे कोणत्याही कारकुनी हँडबुकात नाही. मी शोधले आहे. मुखवट्याआड कोण, एक की अनेक, याची चर्चा खूप झाली. चळवळीतली माणसे सांगत, आपण सगळेच. आम्ही याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खाते म्हणतो. कोणीही सही करा, पैसे मिळतात. ज्याला चेहराच नाही, त्याला स्वतःच्या शौर्याच्या कथा सांगून तरी काय मिळणार?

आता कानटोपी.

सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत लागोपाठ दोन घरे फुटली. सभा झाली, चहा झाला, पाळ्या लागल्या. रोज दोघांनी रात्री गस्त घालायची. गणवेश ज्याचा त्याचा. पण डिसेंबर असल्यामुळे तो आपोआप ठरला. स्वेटर, हातात काठी, गळ्यात शिट्टी आणि डोक्याला कानटोपी. आमच्याच कुत्र्यांनी आम्हाला ओळखले नाही. माझ्या पाळीच्या रात्री जोडीदाराला ऐनवेळी पित्त झाले आणि मी एकटाच उरलो. दीड वाजेपर्यंत मी खरोखर फिरलो. मग गच्चीच्या जिन्यात जरा पाठ टेकली ती दूधवाल्याच्या हाकेने जाग आली.

खाली मंडळी जमली होती. “काय, काही विशेष?” सेक्रेटरींनी विचारले. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडले, पण डोक्यावर कानटोपी होती. मी म्हणालो, “होता एक जण. उंच, काळा शर्ट. मी शिट्टी मारली तसा कुंपणावरून पसार झाला.” शिट्टी कोणीच कशी ऐकली नाही, हे कोणी विचारले नाही. त्या दिवशी मला दोन घरांतून पोहे आले.

संध्याकाळी फाटकाशी गर्दी दिसली. आमच्या इस्त्रीवाल्याचा पुतण्या गावाहून आला होता. उंच होता, आणि त्याने काळा शर्ट घातला होता. दोन तास त्याला उभे करून सगळे प्रश्न विचारत होते. मला ओळख पटवायला बोलावले. मी म्हणालो, “हा नव्हे.” सगळ्यांनी माझ्या चौकस नजरेचे कौतुक केले आणि त्याला सोडले. दुसऱ्या दिवशी तो गावी परत गेला.

‘हा नव्हे’ म्हणायला मला क्षणही लागला नाही. ‘कोणी नव्हताच’ म्हणायला स्लिवासाहेबांना १२ वर्षे लागली. मला सहा लागली. तेव्हा सांगतो, कोणी नव्हताच.

हे छापून आले की पहिली प्रत इस्त्रीवाल्याकडे घेऊन जायची आहे. बोडक्या डोक्याने.