फराळाच्या यादीतला अंक

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. पाऊस उघडतो, ऊन कडक होते, आभाळ धुतल्यासारखे निळे दिसते. आम्हा सांगलीकडच्या बायकांना या दिवसांत हाताला उसंत नसते. नवरात्राची घरसफाई, गोधड्यांची धुणी, मुलींचा हादगा आणि त्याची रोज नवी खिरापत, कोजागरीचे आटीव दूध, मग वसुबारसेच्या आधी आटपायची चकल्या-करंज्यांची धांदल! तरी हाच ऋतू मला साऱ्यांत आवडतो. शेतातून ओल्या शेंगा येतात, त्या मीठ घालून उकडायच्या. सीताफळे पिकत घालायची. आणि दुपारी सारे निजले की भिंतीला पाठ टेकून दिवाळी अंक उघडायचा.

उटणे, तेल, पणत्या यांच्या जोडीला हा अंक आपल्या सणात कधी आणि कसा आला? पणत्या फार जुन्या, अंक मात्र अलीकडचा. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्याची हकीकत भगिनींपुढे ठेवावी असे मनात आले. मी सातवी शिकलेली बाई. पंडितांसारखे मला लिहिता येणार नाही. वाचून आणि विचारून जे पक्के कळले तेवढेच सांगते.

अंक नव्हता तेव्हा आपल्या घरात वाचन नव्हते असे नाही. चातुर्मासात पोथी लागे. श्रीधरस्वामींचे हरिविजय, पांडवप्रताप घरोघर वाचले जात. पण वाचणारा पुरुष असे आणि बायका वाती वळीत, तांदूळ निवडीत ऐकत असत. ऐकून ऐकून कित्येकींना अध्यायच्या अध्याय पाठ होते, पण ते अक्षर डोळ्यांना ओळखू येत नसे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वजणी जाणतो. पुढे साठ वर्षे लोटली, तरी १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम एक लिहिती-वाचती निघाली! न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना लग्नानंतर घरी शिकवले, तेव्हा घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. ते पुस्तक १९१० साली निघाले. पती न्यायाधीश असूनही त्यांना एवढे सोसावे लागले, मग आपल्यासारखीच्या आजेसासूची काय कथा?

बाईच्या सुखदुःखाची गोष्ट छापून येऊ लागली ती मासिके आणि साप्ताहिके यांमधून. हरि नारायण आपटे यांनी पुण्यात १८९० साली 'करमणूक' सुरू केले. त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातच क्रमाक्रमाने येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते, अशी ती मांडणी. नंतर १८९५ साली 'मनोरंजन' मासिक निघाले. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ आजगावकर. त्यांना सारा महाराष्ट्र 'मित्र' या नावाने ओळखतो. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळात खास जाडजूड अंक निघत. आपल्याकडे तसा अंक दिवाळीला का असू नये, असे मित्रांच्या मनाने घेतले आणि १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला. मराठीतल्या दिवाळी अंकांची परंपरा तेथून धरतात.

यात दिवाळीचीच निवड फार शहाणपणाची झाली, असे मला वाटते. पावसाळा सरलेला असतो, वाटा मोकळ्या होतात, टपाल वेळेवर पोहोचते. खरिपाचा दाणा घरात येतो, नोकरदाराच्या हातात चार पैसे जास्तीचे असतात. कापडवाला, सराफ, तेल-साबणवाला या सर्वांना गिऱ्हाईक हवे असते, म्हणून ते जाहिराती देतात आणि त्या जाहिरातींच्या बळावर एरवी न परवडणारा जाड अंक काढता येतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुणेरावळे असतात, म्हणजे एका अंकाला दहा वाचणारे मिळतात.

पण मला यातली मोठी गोष्ट निराळीच वाटते. बाईसाठी पुस्तक विकत घेणे ही आपल्या घरांत चैन समजली जाई. 'तुला काय करायचंय पुस्तक?' हा प्रश्न ठरलेला. दिवाळी अंक मात्र कुणा एकाचा नसतो, तो सणाचा असतो. रवा, बेसन, रांगोळी तसा अंक. सणाच्या खर्चात त्याला कुणी आडकाठी केली नाही. अंक घरात आला आणि आल्यावर बाईच्या हाती पडला. शाळेच्या दारातून ज्या घरांत अक्षर शिरू शकले नाही, तेथे ते सणाच्या सामानाबरोबर शिरले.

आपल्या जिल्ह्याचाही या कथेत मोठा वाटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर करणारा तो कारखाना! तेथे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि कारखान्याच्या त्या पत्रिकेतून पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढले. लग्न, हुंडा, शिक्षण, नोकरी, घरातला जाच असे विषय त्यात उघडपणे येत आणि वाचकभगिनी स्वतः लिहीत. नांगराच्या गावातून बायकांचे मासिक निघावे याचे मला फार कौतुक वाटते. आजही रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागले की मी मुलांना सांगते, 'बघा, 'स्त्री' इथून निघत असे.'

मग एकेक भर पडत गेली. चित्रकार दीनानाथ दलालांची 'दीपावली' १९४५ साली आली, अनंत अंतरकरांचा 'हंस' १९४६ साली. मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ साली निघाला. त्यातल्या खिडकीच्या चित्रांनी घरातली थोर माणसेही गालात हसू लागली! पु. वि. बेहेऱ्यांची 'मेनका' १९६० साली आली आणि १९७१ साली बालभारतीने मुलांसाठी 'किशोर' सुरू केले. किती मासिके आली आणि किती बंद पडली. तरी दिवाळीला अंक काढायचाच, ही रीत मोडली नाही. आज दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात.

आता थोडे घरचे सांगते. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल कृष्णेच्या पलीकडे, पावसाळ्यात नावेने जावे लागे. मुलीला नावेने कोण धाडणार? धाकटी भावंडे सांभाळायला घरी राहिले आणि अठरा पुरी होताच लग्न झाले. सासरी पुस्तक म्हणाल तर मुलांच्या शाळेचे आणि देवघरातली पोथी. मामंजी हिशेबाला कडक, पैशापैशाची नोंद ठेवणारे. पहिल्या दिवाळीला मी सामानाची यादी लिहीत होते. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, 'खाली अंक लिही एक. यादीत असला म्हंजे कुणी इचारत न्हाई.' मी लिहिले. मामंजींनी यादी वाचली, बेसन अर्धा किलो कमी केले आणि अंकाला हात लावला नाही!

त्या वर्षापासून दर कार्तिकात दुपारी मी अंक वाचायची आणि सासूबाई शेंगा फोडीत ऐकायच्या. विनोदी लेख त्यांना फारसे रुचत नसत. 'माणसांची गोष्ट वाच,' म्हणायच्या. एखाद्या गोष्टीत सुनेला जाच झाला की शेंगा फोडायच्या थांबत. 'त्या बाईला सांगायला पायजे हुतं कुणीतरी,' असे म्हणून पुन्हा हात चालू करीत. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नळावर चार बायकांना त्यांच्या शब्दांत सांगत. मामंजी ओसरीवर बसलेले असत, पण कान आत असे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. सातवीनंतर माझे जे काही शिक्षण झाले ते या कार्तिकातल्या दुपारी झाले. आज मी या स्मरणिकेत चार ओळी लिहू शकते, त्याचे श्रेय त्या यादीतल्या शेवटच्या ओळीला आहे. सासूबाई आता नाहीत.

आपल्या मंडळाची अंक योजना भगिनींना माहीतच आहे. वर्गणी काढून बारा अंक घ्यायचे, दर आठ दिवसांनी अदलाबदल करायची आणि रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सारे परत पेटीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके त्यात गेली. आपली पेटीही पाण्याखाली होती. बरेचसे अंक लगदा झाले, उरलेले आपण शरदाच्या उन्हात गच्चीवर गोधड्यांशेजारी वाळवले, पाने चिकटू नयेत म्हणून मध्ये शंकरपाळ्यांसारखे कापलेले रद्दीचे तुकडे घातले. त्या अंकांना अजून चिखलाचा वास येतो. तरीही २०२० साली, करोनाच्या बंदीत नवे अंक हाती येईनात, तेव्हा हेच वासाचे अंक घरोघर फिरले आणि कुणीही नाक मुरडले नाही.

यंदा अशी सूचना आली आहे की अंकांची वर्गणी बंद करावी आणि त्या पैशांत सभागृहाला खुर्च्या घ्याव्यात, कारण वाचायला आता फोनवर सारे मिळते. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे आणि खुर्च्याही हव्यात. मीही फोनवर वाचते. पण फोन हातात धरलेल्या बाईला घरात कुणी 'ती वाचते आहे' असे म्हणत नाही. शिवाय आपल्यात अशा भगिनी आहेत, ज्यांच्या घरात फोन आहे, पण तो त्यांचा नाही. मुलाचा अभ्यास, नवऱ्याचे काम झाले की रात्री मिळाला तर मिळाला. अंकाचे तसे नसते. तो खाटेवर पालथा पडलेला दिसतो, ही घरातली बाई वाचते आहे हे लहानथोरांना कळते. लेक उचलते, सून उचलते. हातातून हातात जाताना त्याबरोबर दोन शब्द बोलणेही होते. मागच्या वर्षी एका अंकात एका भगिनीने एका कथेच्या कडेला पेन्सिलीने बारीक लिहिले होते, 'हे माझेच आहे.' कुणी लिहिले हे आपण कुणीच विचारले नाही. पण तो अंक पुढे जिच्या-जिच्याकडे गेला तिने ते वाचले असणार.

म्हणून माझी नम्र विनंती अशी, की खुर्च्यांसाठी निराळी वर्गणी काढावी. त्यासाठी माझे नाव प्रथम लिहावे. अंकांची वर्गणी मात्र मोडू नये. आश्विनातल्या सभेत सणाची यादी होईल, तेव्हा तेल, रवा, रांगोळी लिहून झाल्यावर खाली एक ओळ मोकळी ठेवावी आणि तेथे लिहावे, अंक बारा.