डफावरून झेंड्यावर

1986 च्या 15 ऑगस्टला आपल्याकडे शाळाशाळांतून तिरंगा फडकत होता. त्याच दिवशी स्वीडनमधल्या ओरे या डोंगराळ गावी सामी लोकांनी आपला झेंडा मंजूर केला. निमित्त होतं तेराव्या नॉर्डिक सामी परिषदेचं. सामी हे युरोपच्या उत्तर टोकाचे आदिवासी. रेनडियर पाळावेत, नदी-समुद्रात मासे धरावेत, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांच्या सीमा त्यांच्या मुलखातून आरपार गेल्या आहेत. स्वतःचं राज्य नाही, म्हणून झेंडा ठरवायला राजा नव्हता की संविधान सभा नव्हती. त्यांनी खुली स्पर्धा ठेवली. सत्तरहून अधिक संकल्पचित्रं आली आणि त्यांतून उत्तर नॉर्वेतल्या शिबोत्न गावच्या आस्ट्रिड बोल या चित्रकर्तीचं चित्र निवडलं गेलं.

झेंड्यावर उभे पट्टे आहेत. डावीकडे रुंद लाल, उजवीकडे रुंद निळा, मधे हिरवा आणि पिवळा असे दोन अरुंद. त्यांवर एक कडं, अर्धं लाल आणि अर्धं निळं. लाल अर्धं सूर्याचं, निळं चंद्राचं. रंग आले ते सामींच्या गाक्ती या पारंपरिक पोशाखातून. कड्यामागे आन्डर्स फ्येलनर या एकोणिसाव्या शतकातल्या सामी पाद्र्याने लिहून ठेवलेलं काव्य आहे, ज्यात सामी ही सूर्याची लेकरं आहेत. आणि त्याहून कितीतरी जुना आहे तो नोआइदींचा, म्हणजे सामी भगतांचा, डफ. रंगांचा माग काढत गेलं की आपण एका नदीपाशी पोहोचतो आणि कड्याचा माग काढत गेलं की एका खटल्यापाशी.

आधी नदी. नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतात आल्टा-काउतोकेइनो नदीवर वीजप्रकल्प उभारायची योजना आली. मूळ आराखड्यात माझे नावाचं अख्खं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. विरोध झाला आणि गाव आराखड्यातून वगळलं गेलं, पण नदी, साल्मन मासा आणि रेनडियरांचे जाण्यायेण्याचे मार्ग यांच्यावरचं संकट टळलं नव्हतं. हे सगळं तापत असताना, 1977 मध्ये, सुन्योव्हे पेर्सेन या तरुण सामी कलावतीने लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांचा एक झेंडा तयार केला. त्याला कुणाची मान्यता नव्हती. आल्टाच्या मोर्च्यांत लोकांनी तो हाती घेतला, एवढीच त्याची मान्यता. पुढच्या वर्षी पेर्सेन आणि इतर सामी कलावंतांनी आपला गट स्थापन केला तो माझे गावातच, जे बुडणार होतं तिथेच.

1979 च्या ऑक्टोबरमध्ये तरुण सामींनी ओस्लोत संसदेसमोर लाव्वू, म्हणजे त्यांचा शंकूसारखा तंबू, उभा केला आणि उपोषण सुरू केलं. उपोषणकर्त्यांत पेर्सेनही होत्या. झेंडा रेखाटणारा हात आणि उपाशी बसणारं पोट एकाच माणसाचं होतं, हे मला या साऱ्या वंशावळीत सर्वांत मोलाचं वाटतं. राजधानीतल्या नॉर्वेजियनांनी आपल्याच देशातले सामी तेव्हा पहिल्यांदा डोळे भरून पाहिले. त्याआधी कित्येक दशकं सामींनी नॉर्वेजियन होऊन जावं असंच सरकारी धोरण होतं. शाळेतून त्यांची भाषा हद्दपार होती आणि 1902 च्या नियमांनुसार फिनमार्कमध्ये सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन भाषा येणं आवश्यक होतं. 1981 च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, स्वतःला साखळ्यांनी बांधून बसलेल्या आंदोलकांना हटवायला सुमारे 600 पोलीस आले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. 1987 मध्ये वीजकेंद्र सुरू झालं.

आता खटला. सामी डफ म्हणजे लाकडाच्या घेरावर रेनडियरचं कातडं आणि त्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या तांबूस रसाने काढलेल्या आकृत्या: देव, माणसं, प्राणी, तंबू. दक्षिणेकडच्या डफांवर मधोमध सूर्य असतो आणि त्यातून चारी दिशांना रेषा निघतात. नोआइदी रेनडियरच्या शिंगाच्या हातोडीने डफ वाजवायचा आणि कातड्यावर ठेवलेली छोटी खूण सरकत कुठल्या आकृतीवर थांबते त्यावरून कौल सांगायचा. मिशनऱ्यांना यात सैतान दिसला. सतराव्या-अठराव्या शतकांत डफ जप्त झाले, जाळले गेले. थॉमस फोन वेस्टेन या मिशनऱ्याने गोळा करून कोपनहेगनला पाठवलेले बरेचसे डफ 1728 च्या तिथल्या मोठ्या आगीत गेले. आज जगभर मिळून सुमारे 70 उरले आहेत.

त्यांतला एक आन्डर्स पोउल्सेन या वृद्ध सामीचा. 1691 मध्ये तो जप्त झाला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेतल्या वाडसो इथे पोउल्सेनवर जादूटोण्याचा खटला चालला. न्यायालयात त्याने डफावरच्या आकृत्यांचा अर्थ एकेक करून सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. आरोपीच्या जबानीमुळेच या डफाची भाषा आज आपल्याला कळते. निकाल लागण्याआधीच एका भ्रमिष्ट माणसाने कुऱ्हाडीने त्याचा जीव घेतला. डफ गेला डेन्मार्कला. 1979 पासून तो नॉर्वेतल्या कारशोकच्या सामी संग्रहालयात होता खरा, पण उसनवारीवर. त्याची मालकी सामींना मिळाली 2022 मध्ये, जप्तीनंतर 331 वर्षांनी. म्हणजे ओरेच्या परिषदेत सूर्य-चंद्राचं कडं झेंड्यावर चढलं, तेव्हा हा डफ कागदोपत्री अजून डेन्मार्कचाच होता.

झेंड्याच्या स्पर्धेने काय साधलं हे यावरून मापता येतं. ज्या खुणांसाठी माणसं न्यायालयात उभी केली गेली, त्याच खुणा लोकांनी आपल्या परिषदेत, उघडपणे, आपल्या नावावर करून घेतल्या. पेर्सेनच्या झेंड्याऐवजी दुसरा झेंडा आला याची मला थोडी रुखरुख वाटते. पण लढ्यातल्या त्या झेंड्याचे तिन्ही रंग नव्या झेंड्यात आहेत. 1989 मध्ये कारशोकला नॉर्वेतल्या सामी संसदेचं उद्घाटन राजे उलाव यांच्या हस्ते झालं. ही संसदसुद्धा आल्टाच्याच मंथनातून निघाली. 1917 साली ट्रोन्हाइमला सामींची पहिली परिषद ज्या दिवशी भरली तो 6 फेब्रुवारी आता त्यांचा राष्ट्रीय दिन आहे आणि त्या दिवशी चारही देशांत हा एकच झेंडा चढतो.

1981 च्या फेब्रुवारीत आल्टासाठी सामी स्त्रियांचा एक गट पंतप्रधानांच्या कार्यालयात ठाण मांडून बसला होता. नुकत्याच पदावर आलेल्या त्या पंतप्रधान होत्या ग्रो हार्लेम ब्रुंटलान. सहाच वर्षांनी, 1987 मध्ये, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ‘शाश्वत विकास’ ही कल्पना जगभर पोहोचवली. आल्टाचं धरण बांधण्याची गरज नव्हती, असं पुढे 1990 मध्ये त्यांनीच म्हटलं. ही कबुली मोठ्या मनाची आहे. पण त्या स्त्रियांनी नऊ वर्षं आधी हेच सांगितलं होतं. पुढच्या पिढ्यांसाठी काय राखायचं हे त्या जमिनीवर जगणाऱ्या माणसांना आधी विचारलं पाहिजे. शाश्वततेची कुठलीही व्याख्या त्याशिवाय अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारण तोच प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी हरित ऊर्जेचं नाव घेऊन. नॉर्वेतल्याच फोसेन द्वीपकल्पावर सामींच्या चराऊ रानात 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की त्यांना दिलेल्या परवान्यांनी सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला आहे. पाती फिरतच राहिली. 2023 च्या फेब्रुवारीत तरुण सामी ओस्लोतल्या ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसले. निषेध म्हणून काहींनी गाक्ती उलटी, आतली बाजू बाहेर करून घातली होती. सरकारने माफी मागितली. 2023 च्या डिसेंबरमध्ये दक्षिण फोसेनच्या आणि 2024 च्या मार्चमध्ये उत्तर फोसेनच्या रेनडियरपालकांशी करार झाले. पवनचक्क्या जागच्या जागी ठेवूनच ते करार झाले.