वस्तरा पाजवणे : चामोटी आणि पेस्ट

मुठीत मिटणाऱ्या वस्तऱ्याची धार दगडावर बसवल्यानंतर ती चामड्याच्या पट्ट्यावर घासून टिकवण्याची क्रिया. या पट्ट्याला न्हावी चामोटी म्हणतात. शहरी सलूनमध्ये नुसते 'पट्टा' म्हटले तरी चालते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत न्हाव्याला म्हाली असेही म्हणतात. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, पथरी आणि चामोटी हे सारे सामान धोपटीत घेऊन तो घरोघर जाई. पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. या भागाच्या संदर्भातच ही नोंद केली आहे.

पात्याची घडण : पाठ जाड, दोन्ही गाल खोलगट आणि धार अत्यंत पातळ अशी वस्तऱ्याच्या पात्याची रचना असते. पाते दगडावर वा पट्ट्यावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, त्यामुळे धारेचा कोन (साधारण 15 ते 17 अंश) हाताने मोजावा लागत नाही, तो पात्यातच घडवलेला असतो. विळा, कोयता किंवा सुरी पाजवताना कोन मनगटात सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पाठीने सांभाळलेला असल्याने पाठ उचलली की धार गेलीच म्हणून समजावे.

धार का मोडते : केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही पोलादाची धार मोडतो. याचे स्पष्टीकरण देणारा अभ्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. केस वाकून पात्याला तिरपा भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर धारेचा सूक्ष्म तुकडा उडतो, असे त्यात दाखवले आहे. तो अभ्यास पातळ ब्लेडवर झालेला आहे. उघड्या वस्तऱ्याला तो जसाच्या तसा लावताना सावध राहावे. साबणाच्या पाण्याने भिजलेला केस मऊ पडतो आणि धार जास्त दिवस चालते, हा अनुभव मात्र सर्वत्र एकच आहे. दुसरे कारण गंजाचे. डोळ्यांना न दिसणारा गंज सर्वांत आधी धारेवरच धरतो, कारण पोलाद सर्वांत पातळ तिथेच असते.

पट्टा : चांगल्या चामोटीचे चामडे वनस्पतीज कषायाने कमावलेले, एकसारख्या जाडीचे आणि गुळगुळीत असावे. हिरड्याची फळे व ऐनाची साल ही कातडी कमावण्याची जुनी द्रव्ये, आणि दोन्ही झाडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुबलक आहेत. गाय, म्हैस व घोडा यांच्या कातड्याचे पट्टे वापरात आहेत. घोड्याच्या पुठ्ठ्याचे दाट कातडे युरोपात सर्वोत्तम मानतात. म्हशीचे कातडे जाड व चिवट असल्याने भारतात त्याचा पट्टा टिकाऊ ठरतो. टांगत्या पट्ट्याला बहुधा मागे तागाचे किंवा सुती जाड कापड जोडलेले असते. कापड धारेवरचा मळ काढते आणि चामडे ती सरळ करते. लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टा नवशिक्याला सोपा जातो, कारण तो झोळ खात नाही.

फिरवण्याची रीत : पट्ट्याचे एक टोक खुंटीला अडकवून दुसरे डाव्या हाताने ताणून धरतात. पाते पट्ट्यावर सपाट टेकवून पाठ पुढे आणि धार मागे अशा दिशेने ओढतात. टोकाला पोचल्यावर पाते उचलायचे नाही. पाठीवरच कूस पालटून उलट दिशेला न्यायचे. कूस पालटण्याचा हा क्षणच खरा कसोटीचा. पाठीऐवजी धारेवर पाते वळले तर चामड्यात चीर पडते आणि धारही गोल होते. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा जास्त दाब द्यायचा नसतो. पट्टा सैल पडला की तो धारेभोवती कमान करून वर येतो आणि कोन बिघडतो. हलक्या ओढीचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा येणे ही सफाईदार हाताची खूण.

किती फेऱ्या माराव्यात यावर एकमत नाही. दाढीआधी कापडावर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नासच्या आसपास, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. दाढी झाल्याबरोबर पुन्हा परजावे (पट्ट्यावर फिरवावे) की पाते आधी पूर्ण वाळू द्यावे, यावरही दोन पक्ष आहेत. तळहातावर वस्तरा फिरवून शेवटची सफाई देणारे न्हावी भारतभर दिसत. तळहाताची कातडी व तिचा तेलकटपणा हे काम खरोखर करतात, म्हणून या पद्धतीला निव्वळ दिखावा म्हणता येत नाही.

पेस्ट : पट्टा धार राखतो आणि पेस्ट धार थोडीशी नव्याने घडवते. हा भेद न ओळखल्यामुळे जितके वस्तरे खराब झाले, तितके वापराने झाले नसावेत. हिरवी पेस्ट क्रोमियम ऑक्साइडची असून तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात. लाल पेस्ट लोह ऑक्साइडची. क्रोमियम ऑक्साइड कठीण पोलादाहूनही कठीण असल्याने ते पोलाद खरवडते. लोह ऑक्साइड त्या मानाने मऊ आहे आणि मुख्यतः झळाळी देते. हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट सर्वांत जलद काम करते, म्हणूनच ती सर्वांत जपून वापरावी. गेरू रासायनिक दृष्ट्या लोह ऑक्साइडच आहे. पण त्यात माती व वाळूचे कण मिसळलेले असतात, त्यामुळे तो थेट पट्ट्यावर चोळला तर धारेवर ओरखडे उठतात.

वस्तरा केस ओढू लागला, परज देऊनही सुधारेना, तेव्हाच पेस्टच्या पट्ट्यावर पाचदहा फेऱ्या द्याव्यात आणि मग कोरड्या चामड्यावर यावे. रोज पेस्ट लावणाऱ्याची धार हळूहळू बोथट गोलाईला जाते आणि शेवटी दगडाशिवाय उपाय उरत नाही.

चामोटी आणि पेस्टच्या इतिहासात पॅरिसचा चाकूकार झां-झाक पेरे याचे 1769 मधील 'पोगोनोटोमी' हे पुस्तक महत्त्वाचे. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, धारेचे दगड कसे ओळखावेत आणि वस्तऱ्यासाठी चामडे कसे तयार करावे, हे तिन्ही विषय त्यात आहेत.

दगड : धार बसवण्याच्या दगडाला पथरी म्हणतात. बेल्जियममधील पिवळ्या दगडात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. भारतात कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून केलेली सराण शिकलगार वापरत. कुरुंद भंडारा जिल्ह्यात पोहरा परिसरात सापडतो.

पोलाद : चामोटीवर धार किती टिकेल हे अखेर पोलादावर ठरते. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये भारतीय वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला. याच नमुन्यातून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने चाकू घडवला आणि धारदार हत्यारांसाठी हे पोलाद उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. पुढे मायकेल फॅरडे यांच्यासह त्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले (1820–22). पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी घातलेले 'सिल्व्हर स्टील' त्यातूनच आले आणि वस्तऱ्यांच्या जाहिरातींत ते नाव दीर्घकाळ मिरवले. वूट्झचे एक ख्यातनाम केंद्र कोनासमुद्रम आजच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात आहे. गोदावरीच्याच खोऱ्यात पुढे गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा लागते. खुद्द चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातही लोहाऱ्यासारख्या ठिकाणच्या खनिजावर देशी भट्ट्या चालत. त्यांच्या लोखंडाचे वस्तरे होत असत असे मात्र या आधारावर म्हणता येत नाही.

लिखित नोंदी : रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात (1916) न्हावी जातीवर स्वतंत्र प्रकरण असून म्हाली, हजाम, मंगला ही नावे शीर्षकातच येतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदार न्हाव्याचे काम आले आहे; पण ते रयतवारी मुलखाचे चित्र. चांदा जिल्ह्यात मालगुजारी होती, ती 1950 च्या कायद्याने संपली. तेव्हा आत्र्यांचे वर्णन इथे जपूनच लावावे. संत सेना न्हावी यांच्या सर्वपरिचित रूपकात आरसा, चिमटा व पाणी येते, चामोटी येत नाही. विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार करणाऱ्या मुंबईच्या न्हाव्यांची 1890 मधील सभा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारामुळे इतिहासात नोंदली गेली. एकूण पाहता न्हाव्याच्या जातीची, मानाची आणि विधींतील स्थानाची नोंद झाली; त्याच्या हाताच्या कसबाची झाली नाही. या विषयातली ही सर्वांत मोठी उणीव होय.

हवामान व तेल : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि चामडे कडक होऊन तडकते; पावसाळ्यात त्याच चामड्यावर बुरशी धरते. पट्टा गुंडाळू नये, टांगून ठेवावा. पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा पातळ हात द्यावा. विदर्भात परिचित असलेले जवसाचे तेल यासाठी टाळावे. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते. मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल असे वाळत नाही, पण थंडीत गोठते, खोबरेलही गोठते.

आरोग्य व सद्यस्थिती : एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी केल्यास कावीळ-बी, कावीळ-सी व एचआयव्ही यांच्या संसर्गाचा धोका असतो. पाते निर्जंतुक करता येते. सच्छिद्र चामोटी उकळता येत नाही, उकळली तर आकसते. म्हणून सलूनमध्ये दरवेळी नवे अर्धे ब्लेड घालण्याचा वस्तरा रूढ झाला, आणि तेच योग्य आहे. अर्ध्या ब्लेडला चामोटी लागत नाही. उघडा वस्तरा आता एका माणसाने स्वतःपुरता वापरण्याचे हत्यार उरला आहे.

पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, चामोर्शी या पट्ट्यात ज्यांच्या घरी जुनी धोपटी असेल त्यांनी ती भंगारात देण्याआधी चामोटीची लांबी-रुंदी, चामड्याचा प्रकार, पथरीचा रंग आणि पात्यावरचा शिक्का एवढे तरी लिहून ठेवावे, आणि परज देणारा जुना हात घरात असेल तर त्याच्याकडून रीत विचारून घ्यावी.